परका मुलूख, परकी गाडी आणि विमा

बरकतपुऱ्यात भविष्य निर्वाह निधीचे प्रादेशिक कार्यालय आहे. काचीगुड्याच्या बाजूने किंवा नारायणगुड्याकडून आलेली वयस्क माणसे कागदांची पिशवी काखेत धरून त्या कार्यालयात शिरताना नित्य दिसतात. तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून दरमहा पगारातून बाजूला पडलेली रक्कम तेथे त्यांची वाट पाहत असते. त्या रकमेचे बेत पूर्वी ठरलेले असत. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, काशी-रामेश्वर. आता त्या यादीत एका नव्या बेताची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशी असते, तिकडे जावयाचे आणि भाड्याची मोटार घेऊन चार देश पाहून यावयाचे.

असेच एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील सहासष्ट वर्षांचे, नुकतेच सेवानिवृत्त झालेले, हैदराबादच्या रहदारीत चाळीस वर्षे गाडी चालवलेले. आई घर सांभाळणाऱ्या, हिशेबाला पक्क्या. मुलगी लग्न होऊन दहा महिन्यांपूर्वी जर्मनीतील म्युनिक शहरी गेलेली. जावई तेथे तीन वर्षांपासून नोकरीस. बारा दिवसांचा प्रवास ठरतो. म्युनिकहून ऑस्ट्रियातील इन्सब्रुक, तेथून इटलीतील व्हेरोना, मग स्वित्झर्लंडमार्गे परत. गाडीचे भाडे ठरते, मुक्काम ठरतात. आई फोनवर विचारतात, "गाडीच्या विम्याचे काय?" मुलगी सहज म्हणते, "आई, ते तिथे काउंटरवर बघू."

घोटाळ्याला सुरुवात येथेच होते. विमानतळावरील काउंटरपाशी रांग असते, प्रवासाने डोळे जड झालेले असतात आणि पलीकडील तरुण हसतमुखाने परक्या भाषेत पाच-सहा नावे घडाघडा म्हणून दाखवतो. दोन मिनिटांत होय किंवा नाही सांगावयाचे असते. कुणी भीतीपोटी सगळ्याला होय म्हणतो आणि गाडीच्या भाड्याइतकाच विमा घेऊन बसतो. कुणी हट्टाने सगळ्याला नाही म्हणतो आणि नको तेथे उघडा पडतो. पहिल्याचे काही पैसे वाया जातात; दुसऱ्याच्या हातून कधी कधी जन्माची पुंजी जाते. म्हणून हा निर्णय घरी बसून, कागद पुढे ठेवून करावयाचा आहे.

चार खाती

भाड्याच्या मोटारीचा विमा हा एकच पदार्थ नव्हे. वाण्याच्या वहीत जशी निरनिराळी खाती असतात तशी त्यात चार खाती आहेत, आणि ती वेगवेगळी ओळखता आली की निम्मे कोडे सुटते.

पहिले खाते तिऱ्हाइताचे. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरील दुसऱ्या माणसाला इजा झाली, त्याचा जीव गेला किंवा त्याच्या वाहनाची अथवा भिंतीची मोडतोड झाली, तर त्याची भरपाई. ह्यालाच सर्रास थर्ड पार्टी म्हणतात. दुसरे खाते खुद्द भाड्याच्या गाडीचे. ती गाडी ज्या पेढीची आहे तिला ती धड परत द्यावयाची असते. ती चेपली, आपटली तर तिची भरपाई. तिसरे खाते चोरीचे. ते पुष्कळदा दुसऱ्यालाच जोडलेले असते. चौथे खाते गाडीत बसलेल्या माणसांचे व त्यांच्या सामानाचे. आपलाच हात मोडला, आपलीच पेटी गेली, तर त्याचा खर्च.

आता एक गंमत पाहावी. काउंटरवर सर्वांत अधिक बोलणे दुसऱ्या खात्याविषयी होते. दरवाजावर ओरखडा पडेल, आरसा तुटेल, अशी भीती घातली जाते आणि ती मनाला चटकन पटते, कारण ओरखडा डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु गाडी ही वस्तू कितीही महाग असली तरी तिच्या किमतीला मर्यादा असते. पादचाऱ्याच्या पायाला, त्याच्या उरलेल्या कमाईच्या वर्षांना, त्याच्या मुलाबाळांच्या पोषणाला अशी मर्यादा नसते. म्हणून विचाराचा क्रम नेहमी उलटा असावा. आधी तिऱ्हाईत, मग आपण स्वतः, मग गाडी आणि सर्वांत शेवटी ओरखडा.

कायद्यानेही हाच क्रम मानला आहे. मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा धडक देणारा गरीब निघाला तर जखमी माणसाला काहीच मिळत नसे. ह्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून मोटारविमा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने ही सक्ती आली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तरतूद झाली, आणि तिचा अंमल तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात १ जुलै १९४६ पासून सुरू झाला. आज १९८८ च्या कायद्याखाली तिऱ्हाइताच्या विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे. गाडी मोडली तर सोसणे हे मालकाचे नशीब. माणूस मोडला तर मात्र विमा हवाच, असे त्या कायद्याचे सार आहे.

घरची पॉलिसी घरीच राहते

बरकतपुऱ्यातील गृहस्थाच्या मनात पहिला विचार येतो तो असा की, आपल्या गाडीचा सर्वंकष विमा आहेच, तो चालणार नाही काय? नाही. भारतीय मोटार पॉलिसीचे क्षेत्र भारतापुरते असते. जादा हप्ता भरून ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव व पाकिस्तान ह्या शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, त्यापलीकडे नाही. शिवाय ती पॉलिसी त्या विशिष्ट गाडीची असते. म्युनिकच्या विमानतळावरील गाडीशी तिचा काही संबंध नाही.

दुसरा विचार येतो प्रवासविम्याचा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. त्यामुळे ‘विमा झाला’ अशी समजूत होते. पण त्या पॉलिसीचा गाभा आजारपण आणि अपघातातील औषधोपचार हा आहे. म्हणजे वर सांगितलेल्या चार खात्यांपैकी चौथे. तिच्यात ‘वैयक्तिक दायित्व’ असा एक रकाना बहुधा असतो, आणि तो पाहून पुष्कळ जण फसतात. हॉटेलातील काच चुकून फुटली तर तो रकाना उपयोगी पडेल; पण मोटार चालवताना घडलेले नुकसान त्यातून सामान्यतः वगळलेले असते. ही ओळ पॉलिसीच्या ‘वगळलेल्या बाबी’ ह्या भागात शोधून वाचावी.

तिसरा विचार क्रेडिट कार्डाचा. अमेरिकेत दिलेल्या काही कार्डांवर भाड्याच्या गाडीच्या मोडतोडीचे संरक्षण असते, हे खरे. त्याच्या अटी मात्र कडक असतात. सगळे भाडे त्याच कार्डाने भरावे लागते, पेढीचे तेच संरक्षण नाकारावे लागते, दिवसांची मर्यादा असते, काही देश वगळलेले असतात. आणि मुख्य म्हणजे हे संरक्षण गाडीपुरतेच असते. तिऱ्हाइताची भरपाई त्यात नसते. भारतात मिळालेल्या कार्डावर असे काही आहे, असे गृहीत धरू नये. बँकेकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते प्रवासात बरोबर ठेवावे.

देश तसा धोका

काय घ्यावे आणि काय सोडावे ह्याचे उत्तर देशागणिक बदलते. ह्यामुळेच एका मित्राचा अमेरिकेतील अनुभव दुसऱ्याला इटलीत उपयोगी पडत नाही.

युरोपीय संघात तिऱ्हाइताचे खाते कायद्यानेच भक्कम केलेले आहे. २०२१ च्या निर्देशानुसार शारीरिक इजेसाठी दर अपघाताला किमान ६४ लाख ५० हजार युरो, किंवा दर जखमी माणसामागे १३ लाख युरो, आणि मालमत्तेसाठी दर अपघाताला १३ लाख युरो एवढे संरक्षण असले पाहिजे. हा विमा गाडीच्या भाड्यातच आलेला असतो. त्यासाठी वेगळा हप्ता द्यावा लागत नाही. सरहद्द ओलांडल्यावरही तो चालावा म्हणून १९५३ च्या आरंभापासून ‘ग्रीन कार्ड’ ह्या नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. जर्मन गाडी स्वित्झर्लंडमध्ये गेली तरी तिची नंबरप्लेट हाच विम्याचा पुरावा मानला जातो. तेव्हा आपल्या कुटुंबापुरते पाहिले तर पहिले खाते सुरक्षित आहे आणि विचार करावयाचा तो गाडीच्या खात्याचा.

अमेरिकेत नेमके उलट आहे. तेथे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा, आणि सक्तीच्या विम्याची रक्कम पुष्कळ ठिकाणी अगदी तोकडी. कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यातही २०२४ अखेरपर्यंत एका माणसाच्या इजेसाठी किमान मर्यादा १५,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०,००० डॉलर झाली, आणि एका अपघातातील सर्वांसाठी मिळून ६०,०००. अमेरिकेतील इस्पितळाचे बिल ज्याने पाहिले आहे त्याला ही रक्कम किती दिवस पुरेल हे सांगावयास नको. शिवाय २००५ च्या एका संघीय कायद्याने, केवळ मालक म्हणून भाड्याने देणाऱ्या पेढीवर चालकाच्या चुकीची जबाबदारी टाकता येत नाही. म्हणजे किमान रकमेच्या वरचा दावा सरळ चालकाच्या अंगावर येतो. म्हणून अमेरिकेत जाणाऱ्याने दायित्वाचा पूरक विमा कधीही सोडू नये. तो साधारणपणे तीन लाखांपासून दहा लाख डॉलरपर्यंतचा मिळतो. परदेशी पाहुण्यांसाठी गाडीचे व तिऱ्हाइताचे दोन्ही विमे धरून एकत्रित दर सांगणारी आरक्षणे असतात. ती बहुधा काउंटरवरील सुट्या दरांपेक्षा स्वस्त पडतात. मात्र त्यांत राहण्याचा देश खरा लिहावा. भारतात राहणाऱ्याने अमेरिकेचा पत्ता घालून किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने भारताचा पत्ता घालून दर कमी करून घेतला, तर ऐन वेळी संरक्षणच नाकारले जाऊ शकते. तेथे राहणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या गाडीची पॉलिसी अमेरिकेत व कॅनडात त्याने भाड्याने घेतलेल्या गाडीला पुष्कळदा लागू होते. पण ते त्याच्या पॉलिसीत जेवढे आहे तेवढेच. आईवडील चाक हाती घेणार असतील तर त्यांचे नाव त्यात बसते की नाही हे आधी विचारावे.

न्यूझीलंडमध्ये तिसराच प्रकार. तेथे १९७४ पासून अपघाती इजेची भरपाई सरकारी व्यवस्थेतून, चूक कोणाची हे न पाहता होते. पाहुण्या प्रवाशालाही उपचाराचा लाभ मिळतो. पण दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र तेथे कायद्याने सक्तीचा नाही. म्हणून भाड्याच्या करारात तो कसा आहे हे पाहणे अगत्याचे ठरते. हैदराबादकरांना जवळच्या असलेल्या संयुक्त अरब अमिरातीत पोलिसांच्या कागदाशिवाय कोणतीही कर्मशाळा चेपलेली गाडी दुरुस्तीस घेत नाही. तो कागद नसेल तर विम्याचीही वाट अडते. आइसलँडमध्ये उडणारी खडी, वाळूचे व राखेचे वादळ आणि सोसाट्याच्या वाऱ्याने उलटा मुरगळलेला दरवाजा ह्यांसाठी वेगळे विचारावे लागते. आणि नदीतून गाडी घातली तर पाण्याने झालेले नुकसान जवळजवळ नेहमीच चालकाचे. प्रत्येक भूमीची आपली पीडा असते आणि करारपत्रात ती बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

पदरचा वाटा

आता गाडीचे खाते. युरोपात भाड्यातच ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’ आलेला असतो. त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. तो काटेकोर अर्थाने विमा नव्हे, ती माफी आहे. गाडीचे नुकसान झाले तर अमुक एका रकमेच्या वरचे पैसे तुमच्याकडून मागणार नाही, असे पेढीचे वचन. ती अमुक रक्कम मात्र द्यावीच लागते. इंग्रजीत तिला एक्सेस किंवा डिडक्टिबल म्हणतात. आपण तिला पदरचा वाटा म्हणू.

भारतातही हा वाटा आहे. पण तो लहान असल्याने जाणवत नाही. खाजगी मोटारीला १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनासाठी तो १,००० रुपये व त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये सक्तीचा असतो. परदेशी भाड्याच्या गाडीवर हाच वाटा हजार-दोन हजार युरोंचा असू शकतो. तेवढी रक्कम गाडी घेतानाच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, आणि कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. परकी चलन भरलेले प्रीपेड कार्ड पुष्कळ ठिकाणी चालत नाही. कार्डाची मर्यादा अपुरी असेल तर काउंटरवर दोनच वाटा उरतात. महागडी शून्य-वाटा योजना घेणे किंवा गाडी न घेता परतणे.

हा वाटा कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, काउंटरवर जादा पैसे देऊन तो शून्यावर आणणे. दोन, तिसऱ्या एखाद्या विमा कंपनीकडून केवळ ह्या वाट्याचाच स्वतंत्र विमा आधी काढणे. उदाहरणासाठी आकडे मांडून पाहू. समजा, पदरचा वाटा १,५०० युरो आहे. काउंटरवरील योजना दिवसाला २५ युरो, म्हणजे बारा दिवसांचे ३०० युरो. स्वतंत्र विमा दिवसाला ६ युरो, म्हणजे ७२ युरो. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा भाव १०० रुपये धरला, तर तीस हजार रुपये विरुद्ध सात हजार दोनशे रुपये. ३०० युरो हे १,५०० चा पाचवा हिस्सा होतात. दर पाच प्रवासांत एकदा पूर्ण वाटा भरावा लागेल इतका अपघाताचा संभव असेल, तरच ती योजना हिशेबाने परवडते. सावध चालकाच्या बाबतीत तसा संभव नसतो.

मग स्वस्त तेच घ्यावे काय? येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्या. पहिली, स्वतंत्र विम्यात पेढी आधी कार्डातून पैसे कापून घेते आणि नंतर कागद दाखवून ते विमा कंपनीकडून परत मिळवावे लागतात. तितका काळ दीड लाख रुपये अडकून पडले तर घर चालेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. दुसरी, असे पुष्कळ विमे त्या त्या देशाच्या रहिवाशांनाच मिळतात. ब्रिटनमधील रहिवाशांसाठी असलेली पॉलिसी हैदराबादच्या माणसाने घेतली तर हप्ता जातो आणि दावा नामंजूर होतो. म्हणून ‘कोणत्या देशाच्या रहिवाशास लागू’ ही ओळ सर्वप्रथम पाहावी. तिसरी, भारतातील काही प्रवासविम्यांतही भाड्याच्या गाडीच्या पदरच्या वाट्याचे कलम असते. तेव्हा आधीच घेतलेल्या पॉलिसीत ते आहे का हे पाहिल्याखेरीज दुसरे घेऊ नये. भारतीय पॉलिसीचा आणखी एक फायदा आहे. विमा कंपनीने तक्रार दाद न देता फेटाळली, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि त्यांचे एक कार्यालय हैदराबादेतच आहे. विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्य कार्यालयही हैदराबादेतच. ते पूर्वी बरकतपुऱ्यापासून जवळच, बशीरबागेत होते, आता नानकरामगुड्यास आहे. परदेशी कंपनीविरुद्ध मात्र त्या त्या देशातच दाद मागावी लागते.

तत्त्व असे निघते. जे नुकसान सोसता येते ते स्वतः सोसावे. जे सोसता येत नाही त्याचा विमा उतरावा. दीड लाख रुपये जाण्याने दुःख होईल, पण घर उभे राहील, असे ज्याला म्हणता येते त्याने शून्य-वाटा योजना सोडली तरी चालेल. ज्याला तसे म्हणता येत नाही, किंवा काळजीने ज्याची झोप उडेल, त्याने ती खुशाल घ्यावी. झोपेलाही किंमत असते. मात्र ती किंमत आपण जाणून देत आहोत, घाबरून नव्हे, एवढे पाहावे.

माफीत न येणारे

‘फुल कव्हर’ हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये. साध्या माफीतून चाके, टायर, पुढची काच, आरसे, गाडीचा तळ, छप्पर, हरवलेली किल्ली ह्यांपैकी काही ना काही वगळलेले असतेच. पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरले तर तो खर्च चालकाचा. ठळक निष्काळजीपणा असेल, म्हणजे दारू पिऊन, फोनवर बोलत किंवा लाल दिवा ओलांडून अपघात झाला असेल, तर माफी मागे घेता येते. दंड कोणत्याच विम्यात येत नाही. इटलीतील जुन्या गावांच्या मध्यभागी परवान्याशिवाय गाडी नेण्यास बंदी असलेले भाग असतात. नकळत आत शिरले तरी दंडाची नोटीस येते आणि पेढी तिचे हाताळणीशुल्क वेगळे कापते. ऑस्ट्रियाच्या व स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर आधी टोलची चिठ्ठी घ्यावी लागते. सरहद्द ओलांडण्यास ग्रीन कार्डाची व्यवस्था पुरेशी असली तरी पेढीची परवानगी निराळी लागते. काही पेढ्या महागड्या गाड्या इटलीत नेऊ देत नाहीत. म्हणून आरक्षण करतानाच चारही देशांची नावे सांगावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

चाक कोणाच्या हाती

एवढे सर्व करूनही एक छिद्र उरते, आणि सगळे पाणी त्यातूनच वाहून जाते. ते छिद्र म्हणजे परवाना. विमा गाडीला असतो तसाच तो चालकावर अवलंबून असतो. करारात ज्याचे नाव नाही असा माणूस चाकावर असेल, किंवा ज्याचा परवाना त्या देशात वैध नाही असा असेल, तर माफी मिळत नाही. जखमी तिऱ्हाइताला भरपाई मिळते, परंतु विमा कंपनी नंतर चालकाकडून वसुली करू शकते.

आपल्या कुटुंबाकडे पुन्हा पाहू. मुलीजवळ हैदराबादचा परवाना आहे आणि ती जर्मनीत राहते, तेव्हा गाडी तीच चालवील असे सर्वांनी धरलेले असते. पण जर्मनीत वास्तव्यास आलेल्या माणसाचा भारतीय परवाना केवळ सहा महिने चालतो. पुढे जर्मन परवाना काढावा लागतो. मुलीला दहा महिने झाले आहेत. ती चाकावर बसली तर तो तेथे फौजदारी गुन्हा होईल. उलट वडील तेथे पाहुणे आहेत. त्यांचा भारतीय परवाना त्याच्या भाषांतरासह, म्हणजे आंतरराष्ट्रीय परवान्यासह, चालतो. तेथे राहणारी मुलगी चालवू शकत नाही आणि बरकतपुऱ्याहून आलेले वडील चालवू शकतात, असा हा उफराटा न्याय आहे. जावयाने जर्मन परवाना काढला असेल तर तो मुख्य चालक व्हावा. मात्र अनेक पेढ्या परवाना किमान एक वर्ष जुना मागतात, तेव्हा त्यावरची तारीख पाहावी. वडिलांचे नाव जादा चालक म्हणून करारात घालावे. त्याचे शुल्क पडते, पण ते वाचवणे सर्वांत महागात पडते. पंचविशीच्या आतील चालकांना अधिभार असतो आणि काही ठिकाणी वयाला वरचीही मर्यादा असते; ती आधी विचारावी.

आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या राज्याच्या परिवहन खात्याकडून मिळतो. मूळ परवाना आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते, आणि मूळ परवाना बरोबर असेल तरच त्याला अर्थ असतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा व्हिसा हाती येताच त्याच्या मागे लागावे. इटलीसारख्या देशात पोलिसाने गाडी थांबवली तर तो पहिल्यांदा हाच कागद मागतो.

गाडी हाती घेताना

गाडी हाती घेताना घाई करू नये. चारी बाजू, छप्पर, चाके, काच, आतील बैठका, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा ह्यांची छायाचित्रे घ्यावी. आधीचा प्रत्येक ओरखडा त्यांच्या कागदावर नोंदवून सही घ्यावी. परत देतानाही तसेच करावे. कार्यालय बंद असताना किल्ली पेटीत टाकून निघावे लागले, तर दुसऱ्या दिवशी ती गाडी कोणी तपासीपर्यंतची जबाबदारी पुष्कळदा आपलीच राहते, हे लक्षात ठेवावे.

अपघात झालाच तर आधी माणसे पाहावी. ऑस्ट्रियात व इटलीत महामार्गावर गाडीबाहेर उतरताना चकाकणारे जाकीट घालावे लागते. ते डिकीत नव्हे, बैठकीजवळ ठेवावे. युरोपभर ११२ हा एकच आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक आहे. पेढीला त्याच वेळी कळवावे आणि पोलिसांचा कागद किंवा क्रमांक घ्यावा. युरोपात दोन्ही चालकांनी मिळून भरावयाचा एक ठराविक अपघात-अर्ज असतो. त्यावर जे घडले तेवढेच लिहावे, आणि न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. चूक कोणाची हे रस्त्यावर ठरवू नये.

म्युनिकच्या त्या काउंटरवर पुन्हा जाऊ. पलीकडील तरुण तीच नावे घडाघडा म्हणतो आहे. पण आता आईच्या हातात घरी लिहिलेला एक कागद आहे. तिऱ्हाइताचे खाते: भाड्यात आले. आपले औषधपाणी: प्रवासविम्यात आले. पदरचा वाटा: हैदराबादेतील पॉलिसीत आला, कार्डावर तेवढी रक्कम मोकळी आहे. चालक: जावई आणि वडील, दोघांचीही नावे लिहून घ्यावी. चारही देशांची परवानगी: लेखी मिळाली. त्या तरुणाला एकाच वाक्याचे उत्तर द्यावे लागते, आणि किल्ली हाती येते.

भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयातून आलेली रक्कम ही कोणाच्या तरी पस्तीस वर्षांच्या सकाळी आहेत. त्या सकाळींच्या बळावर आल्प्सचे बर्फ पाहावयास जाणे ह्यात गैर काहीच नाही. फक्त निघण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या कागदासाठी द्यावी. एवढ्या पुंजीच्या मानाने ती संध्याकाळ फार स्वस्त आहे.